मेरुरज्जूच्या इजेनंतरचे मूत्राशयविकार : औषधोपचार

मेरुरज्जूला इजा झाल्यावर पहिले काही आठवडे मूत्राशयाचा स्नायू ढिला पडलेला असतो. या काळात औषधाला फारसे काम नाही. नळीने लघवी काढणे हाच उपचार. इजा त्रिकखंडांच्या (मेरुरज्जूच्या सर्वांत खालच्या, माकडहाडाजवळच्या भागांशी जोडलेल्या खंडांच्या) वर असेल, तर पुढे हा स्नायू आपोआप आकुंचन पावू लागतो आणि त्याच क्षणी मूत्रमार्गाचा आवळस्नायूही घट्ट होतो. लघवी कोंडते, दाब चढतो, मूत्रपिंडे धोक्यात येतात. हा दाब उतरवणे हा औषधांचा मुख्य हेतू होय. कपडे कोरडे राहणे हा त्यानंतरचा लाभ.

मूत्राशयातील दाबाची प्रचलित मर्यादा ४० सेंमी. जलस्तंभ (तितक्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा दाब) ही आहे. तिचा उगम सामान्यतः मॅग्वायर व सहकाऱ्यांच्या १९८१ च्या अभ्यासात मानतात. त्यातील रुग्ण जन्मजात मेरुरज्जुदोषाचे होते, अपघाताचे नव्हेत. शिवाय मोजला होता तो लघवी गळू लागतानाचा दाब. म्हणून ३५ सेंमी. दाब म्हणजे निर्धोक, असे धरू नये. दाब किती वेळ टिकतो हेही पाहणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

सुरुवात बहुधा मूत्राशयाचा स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी, म्हणजे ऑक्सिब्युटिनिनने (५ मिग्रॅ., दिवसातून दोन-तीनदा) किंवा सॉलिफेनॅसिनने (५ ते १० मिग्रॅ., एकदा) होते. तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ वाढतो. घामही घटतो, इजेच्या पातळीखाली तो आधीच कमी असल्याने मुंबईच्या मे किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात अंग तापते आणि हा ताप जंतुसंसर्गाचा समजला जाण्याचा संभव असतो. हाच स्नायू वेगळ्या मार्गाने सैल करणाऱ्या मिराबेग्रॉनने (२५ ते ५० मिग्रॅ.) हे त्रास कमी होतात, मात्र रक्तदाब तपासत राहावा लागतो. मूत्राशयाचे तोंड सैल करणाऱ्या टॅम्सुलोसिनचा उपयोग मर्यादित.

गोळ्या पुरेनात तर बोट्युलिनम विष-अ (स्नायू ढिला करणारे जिवाणुजन्य विष, 'बोटॉक्स') चे २०० एकक दुर्बिणीतून मूत्राशयाच्या स्नायूत सुमारे ३० ठिकाणी टोचतात. अमेरिकेत या उपयोगास २०११ मध्ये मान्यता मिळाली. परिणाम साधारण नऊ महिने टिकतो. इजा सहाव्या वक्षखंडात (मेरुरज्जूच्या छातीच्या भागातील सहाव्या खंडात) किंवा वर असल्यास टोचताना रक्तदाब एकाएकी चढू शकतो. तेव्हा आधी मूत्राशय रिकामा करून रुग्णाला बसते करतात.

स्नायू ढिला केल्यावर लघवी साचते, म्हणून दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालणे ओघानेच येते. एका खेपेस ५०० मिली.हून अधिक निघू नये. लोकलच्या लांब प्रवासात स्वच्छतागृहाच्या धास्तीने पाणी तोडले जाते. त्याने लघवी दाट होऊन खडे होतात. मुंबईत हाजीअली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था अशा रुग्णांच्या पुनर्वसनाचे काम करते.