व्हिडिओ एंडोस्कोपीतील चित्रदोष

व्हिडिओ एंडोस्कोपीतील चित्रदोष : शरीराच्या पोकळ्या आतून पाहण्याच्या व्हिडिओ-दुर्बिणीच्या चित्रात येणारा धूसरपणा, अंधार, रंगबदल, पट्टे किंवा चित्र पूर्ण जाणे, तसेच त्यांची कारणे शोधून ती दूर करण्याची पद्धत. जठर, आतडे व श्वासनलिका यांसाठी बहुधा लवचीक दुर्बीण वापरतात. लॅपरोस्कोपीसाठी (लहान छिद्रातून पोटाची पोकळी पाहण्यासाठी) ताठ दुर्बीण व तिच्या नेत्रिकेला जोडलेला कॅमेरा असतो.

पूर्वपीठिका : काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र नेण्याच्या कल्पनेचे श्रेय कोणाला द्यावे याबद्दल मतभेद आहेत. जानेवारी 1954 मध्ये नेचर या नियतकालिकाच्या एकाच अंकात नेदरलँड्सचे व्हॅन हील यांचे टिपण आणि लंडनमधील हॅरल्ड हॉपकिन्स व मोगा (पंजाब) येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांचे टिपण आले. भारतीय लेखनात कपानींचे नाव अग्रभागी असते. मात्र उघडे तंतू एकमेकांना टेकले की प्रकाश एकातून दुसऱ्यात झिरपतो आणि चित्र पुसट होते. हा अडथळा तंतूवर कमी अपवर्तनांकाचे (प्रकाश कमी वाकवणाऱ्या पदार्थाचे) आवरण देऊन दूर झाला. व्हॅन हील यांच्या टिपणात आवरणाची कल्पना होती, तर काचेवर काचेचेच आवरण असलेला टिकाऊ तंतू लॅरी कर्टिस यांनी 1956 च्या अखेरीस मिशिगन विद्यापीठात तयार केला. बेसिल हिर्शोविट्झ यांनी 1957 मध्ये त्यातून जठरदुर्बीण वापरात आणली. उपयोगी साधन या अर्थाने उगम येथून धरणे अधिक युक्त दिसते.

चित्रासाठी तंतूंऐवजी टोकावर संवेदक बसवण्याची वाट बेल प्रयोगशाळेत 1969 मध्ये बॉइल व स्मिथ यांनी सीसीडीची (प्रकाशाचे विद्युत संदेशात रूपांतर करणाऱ्या चिपची) कल्पना मांडल्यावर खुली झाली. वेल्च अॅलिन या अमेरिकी कंपनीची व्हिडिओ-दुर्बीण साधारणपणे 1983 ची मानतात. काही ठिकाणी 1984 हे वर्ष आढळते, ते बहुधा तिच्या वापराचे अनुभव त्या वर्षी प्रसिद्ध झाल्यामुळे. प्रकाश आत नेण्याचे काम लवचीक दुर्बिणींत पुढेही बहुतांशी काचतंतूंकडेच राहिले, त्यामुळे तंतू तुटून येणारा अंधार व्हिडिओ-दुर्बिणीतही दिसतो.

रंग घडवण्याच्या दोन पद्धती : एका पद्धतीत संवेदक कृष्णधवल असतो. दिव्यापुढे फिरणारी चकती लाल, हिरवा व निळा प्रकाश आळीपाळीने सोडते आणि प्रोसेसर (संवेदकाच्या संदेशातून चित्र घडवणारे यंत्र) तीन चित्रे एकत्र करतो. दुसरीत संवेदकाच्या बिंदूंवरच रंगीत गाळण्या असतात व प्रकाश सतत पांढरा असतो. पहिल्या पद्धतीत दुर्बीण झटक्याने हलली किंवा पाण्याचा फवारा सोडला की कडांना व थेंबांना इंद्रधनुषी झालर येते. हा बिघाड नव्हे, पद्धतीचाच गुणधर्म आहे. त्यासाठी दुरुस्ती मागवू नये. जुन्या पिढ्यांत एका पद्धतीची दुर्बीण दुसऱ्या पद्धतीच्या प्रोसेसरवर चालत नाही, प्लग बसला तरी.

दोष कोठे आहे हे ठरवणे : चित्राची साखळी भिंग, संवेदक, दुर्बिणीतील तारा, जोडणी, प्रोसेसर, केबल व मॉनिटर अशी असते. तिचे दोन तुकडे करणे हा सर्वांत जलद मार्ग. प्रोसेसरमधून रंगपट्टे (तपासणीसाठीचे ठरलेल्या रंगांच्या उभ्या पट्ट्यांचे चित्र) मॉनिटरवर आणावेत. पट्टे स्वच्छ असतील तर केबल व मॉनिटर निर्दोष. पट्टेही बिघडलेले असतील तर दुर्बीण बदलून उपयोग नाही. पट्टे ठीक आणि चित्र वाईट असेल तर त्याच प्रोसेसरवर दुसरी दुर्बीण लावून पाहावी.

लाल, हिरवा व निळा यांसाठी तीन वेगळ्या तारांच्या आरजीबी जोडणीत एक बीएनसी प्लग (फिरवून अडकवायचा गोल प्लग) सैल झाला तर पट्ट्यांवरूनच ओळखता येते. पूर्ण पट्ट्यांचा क्रम डावीकडून पांढरा, पिवळा, आकाशी, हिरवा, किरमिजी, लाल, निळा असा असतो. निळी तार सुटली की तेथे पिवळा-पिवळा, हिरवा-हिरवा, लाल-लाल अशा जोड्या दिसतात व शेवटचा पट्टा काळा पडतो. लाल तार सुटली तर पहिला पट्टा आकाशी व लाल पट्ट्याच्या जागी काळा. श्लेष्मकलेवर (पोकळीच्या ओलसर आतील अस्तरावर) निळ्याची उणीव सहज लक्षात येत नाही, कारण रक्त निळा प्रकाश शोषून घेते आणि चित्रात मुळात लालच प्रबळ असतो. म्हणून रंगाचा निवाडा रुग्णाच्या चित्रावर न करता पट्ट्यांवर किंवा पांढऱ्या गॉजवर करावा. काही यंत्रांत समकालन संकेत (चित्र पडद्यावर स्थिर ठेवणारा संकेत) हिरव्या तारेतूनच जातो. ती सुटली तर रंग बिघडण्याऐवजी चित्र सरकू लागते.

व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून करायचे रंगांचे जुळवणे) त्या दिवशी वापरायची दुर्बीण व लाइट केबल जोडूनच करावा. पांढऱ्या टोपीने किंवा कोऱ्या गॉजने पूर्ण दृश्य भरले पाहिजे. रुग्णावर घातलेल्या हिरव्या कापडाची (ड्रेपची) कडा आत आली तर पुढे सगळे चित्र किरमिजीकडे झुकते.

अॅनालॉग केबलच्या शेवटी 75 ओमचा एकच रोध असावा लागतो. प्रोसेसरमधून मॉनिटर व तेथून रेकॉर्डर अशी साखळी लावताना दोन्हीकडे रोध चालू राहिला तर संदेश दोन-तृतीयांशावर येतो व चित्र मंद होते. रोध कोठेच नसेल तर संदेश जवळपास दुप्पट होऊन चित्र पांढरे पडते व कडांना सावली येते. दिवा बदलण्याआधी हे पाहावे.

भारतातील 50 हर्ट्झ, 230 व्होल्ट पुरवठ्यावर परदेशातून आणलेली जुनी यंत्रे वापरताना आणखी एक घोळ होतो. जपानी यंत्र 100 व्होल्टचे व एनटीएससी या व्हिडिओ-पद्धतीचे असते. मॉनिटर भारतात रूढ असलेल्या पीएएल पद्धतीवर ठेवला तर चित्र कृष्णधवल दिसते किंवा सरकते.

अंधार व धूसरपणा : झेनॉन दिव्याचे आयुष्य साधारण 500 तास धरतात, तासांची नोंद यंत्रात दिसते. लाइट केबल तपासताना एक टोक खोलीतील दिव्याकडे धरून दुसऱ्या टोकात पाहावे, लाइट सोर्सकडे धरून कधीही पाहू नये. तुटलेले तंतू काळे ठिपके होऊन दिसतात. ते चतुर्थांशाच्या आसपास गेले की केबल बदलतात. ईआरसीपीत (पित्तनलिका व स्वादुपिंडनलिकेच्या दुर्बीण व क्ष-किरण तपासणीत) वारंवार क्ष-किरण लागलेल्या दुर्बिणीचे तंतू तपकिरी होत जातात व प्रकाश पिवळट होतो.

थंड दुर्बीण 37 अंशांच्या शरीरात गेल्यावर भिंगावर येणारे दव काही क्षणांत जाते. भिंग धुणारे नोझल तुंबले असेल तर पाणी भिंगावर न येता बाजूला उडते. शिंतोडे पुसूनही धुके तसेच राहिले, विशेषतः ते भिंगाच्या आत व एका कडेकडून पसरत असेल, तर पाणी आत शिरले आहे.

गळतीची चाचणी धुण्यापूर्वी करतात. टेस्टर (दुर्बिणीत हवा भरून दाब तपासणारे साधन) दुर्बिणीला कोरड्या अवस्थेत जोडून, हवा भरून, मगच पाण्यात बुडवावी. टोक चारही दिशांना वाकवत किमान 30 सेकंद निरखावे, कारण वाकणाऱ्या भागावरील रबराची चीर सरळ स्थितीत बंद राहते. एकदाच सुटलेला बुडबुडा वेगळा, तर एकाच जागेवरून सतत निघणारी माळ म्हणजे गळती. दुर्बीण पाण्याबाहेर काढल्यावरच हवा बंद करावी. पाण्यात असताना दाब सोडला तर त्याच छिद्रातून पाणी आत ओढले जाते. गळती असलेली दुर्बीण वापरल्यास आधी धुके, मग संवेदकाच्या तारांना गंज व शेवटी चित्र जाणे असा क्रम बहुधा दिसतो. टोक वाकवले की चित्र जाते व सरळ केले की येते, अशी तक्रार मात्र वाकणाऱ्या भागातील तुटत्या तारेची असते.

पट्टे व खरखर : कॉटरी (विजेने ऊती कापण्याचे व जाळण्याचे यंत्र) चालू करताच येणारी खरखर ही उच्च वारंवारतेच्या प्रवाहाचा परिणाम आहे. कॉटरीची दोरी व व्हिडिओ केबल एकत्र गुंडाळू नयेत, दोन्ही वेगळ्या बाजूंनी न्याव्यात, रुग्णपट्टी (प्रवाह परत नेणारी, रुग्णाच्या अंगाला लावलेली पट्टी) नीट चिकटली आहे का पाहावे. सावकाश वर सरकणारे आडवे पट्टे बहुधा जमिनीकडे जाणाऱ्या दोन मार्गांमुळे येतात. सर्व उपकरणे ट्रॉलीच्या एकाच विलगक (मुख्य वीजपुरवठ्यापासून वेगळे ठेवणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरवर घेतल्यास ते जातात. अर्थिंगची पिन तोडूनही पट्टे जातात, पण मग रुग्णाला विजेच्या गळतीचा धोका राहतो. हा उपाय पूर्णतः निषिद्ध आहे.

पावसाळ्यात कोकण व गोव्यात वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आणलेल्या जोडणीच्या पिनांवर दव बसते. ती कोरडी झाल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.

अलीकडील बदल : एचडी व 4के यंत्रांत एसडीआय किंवा एचडीएमआय ही डिजिटल केबल असते. तिचा दोष मंदपणाने कळत नाही, चित्र चौकोनांत तुटते किंवा एकदम जाते. 4:3 चे चित्र 16:9 च्या मॉनिटरवर ताणले गेले की गोल पॉलिप (अस्तरावरील मांसल वाढ) लंबगोल दिसतो, हे मॉनिटरच्या मेन्यूतून दुरुस्त होते. एकदाच वापरायच्या दुर्बिणींत दुरुस्तीची सोय नाही. चित्र न आल्यास दुर्बीण बदलावी आणि तरीही न आल्यास दर्शक-यंत्राची जोडणी पाहावी.