नसलेल्या कर्जाची वसुली

कधीही न घेतलेल्या कर्जाचे पैसे माणूस का भरतो? प्रश्न बाळबोध वाटतो खरा. पण फसलेल्या लोकांच्या तक्रारी वाचल्या तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. फोन करणाऱ्याला त्यांचे नाव, पत्ता, नोकरीचे ठिकाण, कधीकधी बँक खात्याचे शेवटचे आकडेसुद्धा माहीत होते. इतके सगळे ठाऊक असलेला माणूस खोटे बोलत असेल, हे त्या क्षणी मनात येत नाही. ही माहिती त्याच्या हाती लागली कशी, हे समजण्यासाठी मागे जावे लागते आणि सुरुवात अमेरिकेपासून करावी लागते, कारण या धंद्याचा साचा तिथेच पडला.

अमेरिकी काँग्रेसने १९७७ साली कर्जवसुलीच्या पद्धतींवर लगाम घालणारा कायदा केला. त्याआधी वसुलीवाले रात्री-अपरात्री फोन करत, शेजाऱ्यांकडे बोभाटा करत, वकील किंवा सरकारी अधिकारी असल्याची बतावणी करत. कायद्याने सकाळी ८ ते रात्री ९ ही वेळ ठरवून दिली. अटकेची खोटी धमकी आणि तोतया ओळख यांवर बंदी आली. सर्वांत महत्त्वाची तरतूद कागदाची होती. पहिल्या संपर्कानंतर पाच दिवसांत रक्कम किती आणि देणे कोणाचे, हे वसुलीवाल्याने लेखी कळवायचे. कर्जदाराने तीस दिवसांत लेखी हरकत घेतली तर पुरावा पाठवेपर्यंत वसुली थांबवायची. पोलिसांच्या नावाने धमकावणे ही आजच्या भामट्यांची कल्पना नव्हे, हे यावरून दिसते. खऱ्या कर्जाची वसुली करणारे खरे लोकच ते आधीपासून करत होते. भामट्यांनी तयार संहिता उचलली, एवढेच.

पुढचा टप्पा कर्जांच्या खरेदी-विक्रीचा. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत बचत आणि गृहकर्ज देणाऱ्या शेकडो संस्था बुडाल्या. त्यांची मालमत्ता निकाली काढण्यासाठी १९८९ मध्ये एक सरकारी महामंडळ नेमले गेले आणि त्याने थकीत कर्जे गठ्ठ्याने लिलावात काढली. बुडीत कर्ज विकत घेऊन वसूल करता येते, त्यात नफाही सुटतो, हे बाजाराला त्यातून कळले. मग क्रेडिट कार्ड कंपन्याही थकबाकी विकू लागल्या. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०१३ मध्ये या धंद्यावर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ९ कोटी खात्यांचा हिशेब तपासला होता. त्यांचे दर्शनी मूल्य १४३ अब्ज डॉलर, आणि खरेदीदारांनी मोजलेली किंमत डॉलरमागे सरासरी ४ सेंट!

चार सेंटांत नेमके काय मिळते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. मिळते ती संगणकावरची एक तक्ता-फाइल. एका ओळीत एक माणूस: नाव, पत्ता, फोन, सामाजिक सुरक्षा क्रमांक (अमेरिकेतला सरकारी ओळखक्रमांक), मूळ बँक, रक्कम, शेवटचा हप्ता भरल्याची तारीख. कर्जाचा करारनामा किंवा खात्याचे उतारे सहसा सोबत येत नाहीत. ही फाइल पुढे दुसऱ्याला विकता येते, त्याच्याकडून तिसऱ्याला. मधल्या काळात एखाद्याने पैसे भरून टाकले तरी जुन्या प्रतीत त्याचे नाव राहतेच. मालक बदलल्याचे कर्जदाराला माहीतही नसते. त्यामुळे अनोळखी कंपनीचे नाव ऐकून संशय घेण्याची सोयच उरत नाही. खरी वसुलीही अनोळखी कंपनीच करते. कर्ज आणि त्याचा कागद यांची इथे जी फारकत झाली, तिच्यातच बनावट वसुलीला जागा मिळाली असे मला वाटते. फोनचे तंत्रज्ञान, भीती, लोकांचे अज्ञान ही कारणे नंतरची.

कारण फाइलच विकली जात असेल, तर फाइल बनवणे काय कठीण? इंटरनेटवर पगार होईपर्यंतची छोटी, महागडी कर्जे मिळू लागली तेव्हा कच्चा मालही तयार झाला. अशा कर्जासाठी अर्ज घेणारी अनेक संकेतस्थळे स्वतः कर्ज देत नव्हती. ती अर्ज गोळा करून विकत. ज्याने नुसता अर्ज भरला, कर्ज मिळाले नाही किंवा घेतलेच नाही, त्याचीही सगळी माहिती बाजारात फिरू लागली. वर त्या माणसाला पैशाची तंगी आहे आणि आपण कुठेतरी अर्ज केला होता हे त्याला अंधुकसे आठवते, हे दोन्ही विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ठाऊक.

संघीय व्यापार आयोगाने २०१२ च्या फेब्रुवारीत अशा एका टोळीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. फोन भारतातून होत होते. आयोगाच्या म्हणण्यानुसार किमान ६ लाख क्रमांकांवर २७ लाखांहून अधिक फोन झाले आणि दोन वर्षांच्या आत ५२ लाख डॉलरहून जास्त रक्कम गोळा झाली. मागणी साधारण ३०० ते २,००० डॉलरची असे. ही रक्कम हुशारीने निवडलेली आहे. वकील करण्यापेक्षा भरून टाकणे स्वस्त, आणि एकदाची कटकट मिटवावी असे वाटण्याइतकी लहान. पुष्कळांनी कर्ज आपले नाही हे माहीत असूनही पैसे भरले, ते नोकरीच्या ठिकाणी येणारे फोन थांबावेत म्हणून.

नंतरच्या वर्षांत तर पूर्ण खोट्या कर्जांच्या याद्या बनवून त्या वसुली कंपन्यांना विकणारे दलालही पकडले गेले. म्हणजे फोन करणाऱ्या माणसालाही आपण खरेच कर्ज वसूल करतोय असे वाटत असू शकते. म्हणून समोरच्याच्या आवाजावरून, आत्मविश्वासावरून किंवा सभ्य भाषेवरून काही ठरवू नये.

इंटरनेटवरून फोन करणे स्वस्त झाल्यावर पडद्यावर हवा तो क्रमांक दाखवणेही सोपे झाले. फसवण्याच्या हेतूने खोटा क्रमांक दाखवण्यावर अमेरिकेने २०१० च्या डिसेंबरमध्ये कायद्याने बंदी घातली. मोठ्या दूरसंचार कंपन्यांना क्रमांकाच्या खरेपणाची तांत्रिक पडताळणी सक्तीची झाली ती २०२१ च्या जूनअखेर. मधली दहा वर्षे भामट्यांना रान मोकळे होते.

त्याच काळात कर्जाची जागा कराच्या थकबाकीने घेतली. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा शेकडो तरुण-तरुणी अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी बनून बोलत असल्याचे उघड झाले. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागाने अहमदाबादमधल्या कॉल सेंटरांसह साठहून अधिक व्यक्ती आणि संस्थांवर आरोपपत्र जाहीर केले. या फोनांमध्ये पैसे भरण्याची रीत ठरलेली होती: दुकानात जा, गिफ्ट कार्ड घ्या, मागचा क्रमांक खरवडून फोनवर सांगा आणि तोवर फोन ठेवू नका. जगातले कोणतेही करखाते गिफ्ट कार्डावर कर घेत नाही. पण ‘फोन ठेवू नका’ ही अट त्याहून बोलकी आहे. माणूस लाइनवर अडकलेला असताना घरच्यांना विचारू शकत नाही, कार्यालयाचा खरा क्रमांक शोधू शकत नाही. हल्ली ‘डिजिटल अटक’ म्हणून चालते तो याच युक्तीचा व्हिडिओ कॉलवरचा अवतार आहे. कायद्यात अशी अटक नाही, हे पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मधून सांगावे लागले.

भारतातली गोष्ट थोडी वेगळ्या वाटेने गेली. इथे आधी खऱ्या वसुलीतली दंडेली गाजली. वसुलीसाठी गुंड वापरता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका वाहनकर्जाच्या प्रकरणात बजावले. २००८ च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांसाठी नियम काढले: एजंट कोण ते बँकेने कर्जदाराला कळवायचे, एजंटाने अधिकारपत्र आणि ओळखपत्र बाळगायचे. तरी प्रश्न मिटला नाही, आणि करोनाच्या वर्षात तो भलत्याच रूपात उगवला.

२०२० मध्ये झटपट कर्ज देणाऱ्या मोबाइल अॅपांचा सुळसुळाट झाला. सात दिवसांची मुदत, अर्धवट रक्कम हातात, आणि अॅप उतरवून घेतानाच फोनमधले संपर्क आणि छायाचित्रे पाहण्याची परवानगी घेतलेली. मुदत टळली की, आणि पुष्कळदा फेड झाल्यावरही, नातेवाइकांना, वरिष्ठांना फोन, विद्रूप केलेली छायाचित्रे. काही कर्जदारांनी जीव दिला. तेलंगणात वर्षअखेरीस अटकसत्र झाले. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत सुमारे १,१०० कर्ज-अॅप सापडली, त्यांतली ६०० बेकायदा. इथे अमेरिकेसारखी यादी विकत घ्यायचीही गरज नव्हती. कर्जदाराच्या फोनमधली संपर्कयादी हीच वसुलीची यादी, आणि तिच्यातल्या कोणीही कधी कर्ज घेतलेले नसे. ‘तुम्ही जामीनदार आहात’ असे सांगून त्यांच्याकडेच पैसे मागितले जात. कुणाच्या फोनमध्ये आपला क्रमांक असल्याने आपण जामीनदार होत नाही. त्यासाठी स्वतःची सही किंवा संमती लागते.

त्यानंतर आलेले नियम ओळखण्याच्या कामी येतात, म्हणून ते लक्षात ठेवावेत. ऑगस्ट २०२२ पासून एजंटांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकीत कर्जासाठी फोन करता येत नाही. सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जांच्या नियमांनुसार परतफेड थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यात व्हायला हवी. एजंट संपर्क साधण्यापूर्वी त्याचे तपशील संस्थेने एसएमएस किंवा ईमेलने कळवायला हवेत. तेव्हा एखाद्या व्यक्तीच्या नावाचा यूपीआय आयडी किंवा क्यूआर कोड आला की पुढे बोलण्यात अर्थ नाही. गूगलनेही २०२३ च्या मे अखेरपासून वैयक्तिक कर्जाच्या अॅपांना संपर्क आणि छायाचित्रे पाहण्यास मनाई केली. गूगलच्या प्ले स्टोअरबाहेरून, दुव्यावरून उतरवलेल्या अॅपला अर्थातच तो नियम लागत नाही. संस्था खरी आहे का हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर पाहता येते, आणि १ जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नियंत्रित संस्थांच्या कर्ज-अॅपांची यादीही आहे.

आपल्या नावावर खरेच काही थकले आहे का, याचे उत्तर फोन करणाऱ्याकडून घ्यायचेच नसते. लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही पतमाहिती कंपन्यांना (सिबिल त्यांतलीच एक) दरवर्षी प्रत्येकाला एक पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. कर्ज कोणत्या संस्थेचे, ते विचारून फोन ठेवावा आणि त्या संस्थेच्या संकेतस्थळावरचा क्रमांक स्वतः लावावा. एसएमएसमध्ये आलेला नव्हे. कर्ज खरे निघाले तरी घाईचे कारण नाही. मुदत कायद्यानुसार साध्या कर्जाच्या वसुलीचा दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांत करावा लागतो, आणि मुदत संपण्याआधी लेखी कबुली दिली किंवा अंशतः रक्कम भरल्याची लेखी नोंद झाली की ती मुदत पुन्हा नव्याने सुरू होते. ‘निदान पाचशे तरी भरा, फाइल थांबवतो’ या विनंतीमागे कधीकधी हा हिशेब असतो. भामट्याचा हिशेब साधा: पाचशे भरणारा पाच हजारही भरेल.

पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ती गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांत जास्त असते. आणि नंतर येणाऱ्या फोनांसाठी तयार राहावे. ज्यांनी एकदा पैसे भरले त्यांची नावे वेगळी काढून जास्त दराने विकली जातात. थोड्या दिवसांनी कोणीतरी फोन करून बुडालेली रक्कम परत मिळवून देतो म्हणते, फक्त आधी शुल्क भरायचे. ही युक्तीही जुनीच. अमेरिकेने १९९५ च्या टेलिमार्केटिंग नियमातच सांगून ठेवले होते की वसूल केलेले पैसे ग्राहकाच्या हाती पडून सात कामकाजाचे दिवस होईपर्यंत असे शुल्क मागता येणार नाही.