लघुतम सदिश समस्या

जालकातील शून्येतर सदिशांपैकी सर्वांत आखूड सदिश शोधण्याची गणिती समस्या. दिलेल्या आधार-सदिशांच्या पूर्णांकी पटींची बेरीज-वजाबाकी करून मिळणाऱ्या सर्व बिंदूंचा संच म्हणजे जालक.

दोन मितींत समस्या सोपी आहे. (८, ११) आणि (११, १६) हे आधार-सदिश घेतल्यास दुसऱ्यातून पहिला वजा करून (३, ५) मिळतो. त्याची दुप्पट पहिल्यातून वजा केली की (२, १) हाती येतो. या जालकात याहून आखूड सदिश नाही. मिती शेकड्यांत गेल्या की अशी वजाबाकी पुरी पडत नाही.

या रीतीचे श्रेय बहुधा गाउस (१८०१) यांना दिले जाते. मात्र द्विघाती रूपांच्या (अxx + बxy + कyy अशा राशींच्या) परिभाषेत ती लाग्रांज यांच्या १७७३ च्या सुमाराच्या लेखनात आढळते. त्यामुळे अग्रमान त्यांना देणे अधिक सयुक्तिक होय. उच्च मितींतील अभ्यास एर्मीत व मिंकोव्स्की यांनी पुढे नेला. लेन्स्ट्रा बंधू व लोवास यांचा १९८२ चा अल्गोरिदम झटपट उत्तर देतो, पण ते उत्तर लघुतम असेलच असे नाही.

समस्या ‘एनपी-कठीण’ (म्हणजे झटपट सोडवणारी रीत नसावी असे मानल्या जाणाऱ्या समस्यांइतकी तरी अवघड) असल्याचे अजताई यांनी १९९८ मध्ये, यादृच्छिक रूपांतराच्या आधारे, दाखवले. हा निष्कर्ष जालकांवर बेतलेल्या गूढलेखनाला (मजकूर सांकेतिक करून गुप्त ठेवण्याच्या शास्त्राला) सरसकट लावला जातो, ते बरोबर नाही. गूढलेखनाचा भरवसा ‘लघुतमाच्या अमुक पटीपर्यंतचा सदिश शोधा’ अशा सैल रूपांवर असतो आणि तिथल्या पटींसाठी तशी सिद्धता नाही. खरा आधार अजताई (१९९६) व रेगेव्ह (२००५) यांच्या कामाचा: काही यादृच्छिक उदाहरणे सोडवता आली, तर अशा सैल रूपाची सर्वांत अवघड उदाहरणेही सुटतील. रेगेव्ह यांनी त्यासाठी किंचित चुका मिसळलेली रेषीय समीकरणे घेतली. त्यांच्याच एका प्रकारावर अमेरिकेचे ऑगस्ट २०२४ मधील ‘एमएल-केम’ हे गुप्त किल्ली ठरवण्याच्या पद्धतीचे मानक उभे आहे.

व्यवहारात अशा जालकाधारित पद्धतींकडे वळण्याची निकड गुपिताच्या आयुष्यावर ठरते. कोल्हापूरच्या मार्केट यार्डातील गुळाच्या सौद्याचा भाव दुसऱ्या दिवशी शिळा होतो. शहरातल्या दवाखान्याने ऑनलाइन पाठवलेला रुग्णाचा अहवाल मात्र पुढची कित्येक वर्षे खाजगीच राहायला हवा. आजच्या रूढ पद्धतींनी सांकेतिक केलेला मजकूर कोणी साठवून ठेवला, तर तो उद्याच्या क्वांटम संगणकावर उकलता येऊ शकेल; जालकाधारित पद्धती मात्र त्यालाही दाद देणार नाहीत असे मानले जाते, म्हणून अशा नोंदींसाठी बदल आधी हवा.

एप्रिल २०२४ मध्ये यिलेई चेन यांनी रेगेव्ह यांच्या चुका मिसळलेल्या समीकरणांच्या समस्येच्या काही रूपांसाठी वेगवान क्वांटम अल्गोरिदम मांडला होता. काही दिवसांतच त्यात दोष आढळला.