नियमातली 5 सेंटीमीटरची फट: रॉस ब्रॉनची 2009ची गाडी

फॉर्म्युला वन मोटार शर्यतींतला ब्रिटिश अभियंता रॉस ब्रॉन या क्षेत्रात आला तो धातू कापणारं मिलिंग मशीन चालवायला. हार्वेलच्या अणुऊर्जा संशोधन केंद्रात उमेदवारी करून 1976 मध्ये तो शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या मार्च कंपनीत लागला. पुढे विल्यम्स संघात विंड टनेलचं, म्हणजे गाडीवर वारा सोडून हवेचा परिणाम तपासण्याचं काम हाती आलं आणि त्यानंतर बेनेटन व फेरारी या संघांत तांत्रिक संचालकपद. चालक मायकेल शूमाकरची सातही विश्वविजेतेपदं ब्रॉन त्या संघांत असतानाची.

शर्यत तो आकड्यांत मांडायचा. हंगेरी, 1998. प्रतिस्पर्धी मॅक्लारेन संघाच्या गाड्या इंधन आणि टायरसाठी दोनदा थांबणार होत्या. ब्रॉनने शूमाकरला तीनदा थांबवायचं ठरवलं आणि दुसऱ्या थांब्यानंतर सांगितलं: जादा थांब्याची भरपाई म्हणून 19 फेऱ्यांत 25 सेकंदांची आघाडी काढायची, म्हणजे फेरीमागे सुमारे 1.3 सेकंद. टाकीत इंधन कमी असलं की गाडी हलकी होते. 10 किलोमागे फेरीला साधारण 0.3 सेकंद वाचतात. त्यात टायर ताजे. शूमाकरने ते सेकंद काढले आणि शर्यत जिंकली.

त्याचं सर्वांत देखणं काम मात्र 2009चं. डिसेंबर 2008 मध्ये होंडाने फॉर्म्युला वनमधून अंग काढून घेतलं. होंडाचा संघप्रमुख असलेल्या ब्रॉनने नाममात्र एका पौंडात संघ घेतला आणि त्याचं नाव ब्रॉन जीपी झालं. गाडी होंडाच्या इंजिनाभोवती आखलेली, मिळालं मर्सिडीजचं. त्यासाठी चासीचा, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याचा, मागचा भाग कापावा लागला. एवढी तडजोड करूनही गाडी वेगवान ठरली, ती डिफ्यूजरमुळे.

डिफ्यूजर म्हणजे गाडीच्या तळाचा, मागे वर चढत जाणारा भाग. तिथे हवेला पसरायला जागा मिळते, त्यामुळे तळाखालून ती जास्त वेगाने ओढली जाते, दाब घटतो आणि गाडी रस्त्याला चिकटते. चढ जास्त तीव्र केला तर हवा पृष्ठभाग सोडते आणि हा परिणामच ढासळतो. 2009च्या नियमांनी डिफ्यूजरची उंची 175 मिलिमीटरवर आणली होती.

तळाच्या दोन पातळ्या असतात. मधली खालची आणि बाजूची तिच्याहून 50 मिलिमीटर वर. खालून पाहिल्यास तळात भोक दिसू नये, असा नियम. या दोन पातळ्यांमधली उभी फट मात्र खालून दिसतच नाही. ब्रॉनच्या संघाने तिच्यातून हवा वर घेऊन दुसरा, अधिक उंच डिफ्यूजर चालवला. हाच दुहेरी डिफ्यूजर. टोयोटा आणि विल्यम्सनेही हेच केलं होतं. तक्रारी झाल्या, 15 एप्रिलला पॅरिसमध्ये अपील न्यायालयाने रचना वैध ठरवली.

नक्कल करणं सोपं नव्हतं. वरच्या वाटेला गिअरबॉक्सच्या आसपास जागा लागते आणि प्रतिस्पर्धी रेड बुल संघाच्या गाडीच्या मागच्या सस्पेन्शनचे भाग नेमके तिथेच खाली बसवलेले होते.

ब्रॉनचा चालक जेन्सन बटनने पहिल्या 7 पैकी 6 शर्यती जिंकल्या. मग उणीव दिसली. ही गाडी टायरना फार हळुवार वागवायची, त्यामुळे इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या थंडीत ते तापेचनात आणि पकड मिळेना. तोवर गुणांची आघाडी मात्र पुरेशी झाली होती. 17 पैकी 8 शर्यती आणि चालक व संघ अशी दोन्ही विजेतेपदं ब्रॉन जीपीकडे आली. हंगाम संपताच मर्सिडीजने संघ घेतला. 2011 पासून दुहेरी डिफ्यूजरवर बंदी आली.