गोबी मासा घरी नेण्याआधी हे वाचा

दुकानात पिवळा गोबी हा समुद्री मासा पाहिला की लोक आधी किंमत विचारतात. आम्ही आधी विचारतो, टाकीत वाळू किती? कारण हा मासा पाण्यात कमी आणि वाळूत जास्त राहतो. वाढून वाढून बोटाएवढा होतो, पण त्याला बीळ लागतंच. बीळ नसेल तर तो कोपऱ्यात दबून बसतो, खाणं सोडतो.

वाळूचा थर किमान 3 ते 4 इंच हवा. नुसती बारीक वाळू नको, बीळ ढासळतं. तिच्यात प्रवाळाचे आणि शिंपल्यांचे तुकडे मिसळा. नदीची वाळू आणू नका. तिच्यात माती असते, आणि प्रवाळाच्या वाळूसारखा पाण्याचा सामू (पीएच) ती सांभाळत नाही. दगड आधी थेट काचेच्या तळावर ठेवा, मग भोवती वाळू भरा. वाळूवर ठेवलेला दगड खालून पोखरला जातो आणि एके दिवशी माशावर किंवा काचेवर पडतो.

जमलं तर जोडीला पिस्तूल झिंगा न्या. बीळ खरं तो खोदतो, दिवसभर वाळू उपसतो. त्याची नजर अधू, म्हणून बाहेर आला की मिशी माशाच्या अंगाला टेकवून ठेवतो. धोका दिसला की गोबी शेपटी थरथरवतो आणि दोघंही आत. हे रोज पाहायला मिळावं म्हणूनच आम्ही हा मासा ठेवतो. टाकीतून ‘टक्’ असा आवाज आला तर काच तडकली असं समजू नका, तो झिंग्याच्या नांगीचा आवाज आहे.

आता पाणी. खारपाणपट्ट्यातले ग्राहक हमखास विचारतात, आमची विहीर खारीच आहे, तेच पाणी चालेल का? नाही. लोणारचंही नाही; त्याचा सामू 10 च्या आसपास, समुद्राचा 8.2 च्या जवळपास. खारेपणा सारखा वाटला तरी आतले क्षार वेगळे. घरचं मीठही नको. आरओच्या पाण्यात समुद्री टाकीसाठीचं तयार मीठ लिटरमागे 35 ते 38 ग्रॅम घाला आणि हायड्रोमीटरवर (पाण्याची घनता मोजायचं साधन) 1.024 च्या आसपास आणा. दोन फुटी टाकीत दगड-वाळू धरून साधारण 55 ते 60 लिटर पाणी बसतं, म्हणजे दोन किलोच्या आसपास मीठ लागतं. त्यानंतर टाकी 4 ते 6 आठवडे माशाविना चालवायची. अमोनिया आणि नायट्राइट ही माशाला विषारी द्रव्यं दोन्ही शून्यावर आल्याशिवाय आम्ही मासा देत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

आपल्याकडे खरी परीक्षा उन्हाळ्याची. गोबीला 24 ते 27 अंश मानवतं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, खोलीच तापते. पाण्यावर छोटा पंखा सोडा, कोरड्या हवेत 2-3 अंश सहज उतरतात. पण त्यानं पाणी झपाट्यानं उडतं. पाणी उडतं, मीठ मागंच राहतं. म्हणून काचेवर रेघ ओढून ठेवा आणि रोज त्या रेघेपर्यंत साधं आरओचं पाणी घाला, खारं नाही. पाऊस सुरू झाला की हवा दमट होते आणि पंख्याचा उपयोग कमी होतो, तेव्हा टाकी थंड खोलीत हवी. लाईन जाते म्हणून बॅटरीवरचा एअर पंप घरात असूच द्या. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, वरून पंप बंद पडला तर मासे लवकर गुदमरतात.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. वावरातून फवारणी करून आलात तर त्या हातानं टाकीला शिवू नका. आंघोळ करा, हात साबणानं धुऊन साबणही नीट काढा, आणि टाकीची बादली कायम वेगळी ठेवा. कीटकनाशकाचा अंशसुद्धा झिंग्याला पुरतो. डासांचा फवारा त्या खोलीत मारू नका. माशाला तांब्याचं औषध द्यायची वेळ आली तर मासा वेगळ्या भांड्यात काढूनच द्या, तांबं झिंग्याला मारतं.

गोबी उडी मारतो, म्हणून टाकीवर बारीक जाळी ताणा. काचेचं झाकण लावलं तर उष्णता कोंडते.

नेल्यावर पहिले आठ-दहा दिवस मासा दिसला नाही तर वाळू उकरून शोधू नका. दिवा मंद ठेवा आणि संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी थोडे गोठवलेले आर्टेमिया (माशांच्या खाद्याचे बारीक झिंगे) वितळवून सोडा. बहुतेक वेळा आधी दोन डोळे दिसतात.