टेलिफोनी कार्ड : संगणकातील सुरक्षित जोडणी

टेलिफोनी कार्ड म्हणजे टेलिफोनची लाइन थेट संगणकात आणणारे विस्तार-कार्ड. ते मदरबोर्डावरच्या पीसीआय किंवा पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसते आणि अ‍ॅस्टेरिस्कसारख्या सॉफ्टवेअरच्या जोरावर साध्या संगणकाचे ईपीएबीएक्स, म्हणजे कार्यालयाचे अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज, करते. अ‍ॅस्टेरिस्क मार्क स्पेन्सर यांनी 1999 मध्ये लिहिले. कार्डाचे ड्रायव्हर आधी झॅपटेल नावाने ओळखले जात, 2008 पासून त्यांना डाहडी म्हणतात. आता बरीच कार्यालये सिप ट्रंककडे, म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या टेलिफोन लाइनकडे, वळली आहेत. तरी ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या किंवा नवी मुंबईतल्या रबाळे, महापे, तुर्भ्याच्या एखाद्या कारखान्याला लेटरहेडवर वर्षानुवर्षे छापलेला 022-25 किंवा 022-27 ने सुरू होणारा नंबर सोडायचा नसेल आणि तो तांब्याच्या जोडीवर किंवा पीआरआयवर (एकाच वेळी 30 कॉल नेणाऱ्या डिजिटल लाइनवर) येत असेल, तर हे कार्ड लागतेच.

ग्राफिक्स कार्ड किंवा लॅन कार्ड बसवण्याचा सराव असलेला माणूस हेही तसेच बसवायला जातो, आणि बहुतेक नुकसान तिथे होते. या कार्डाला इमारतीबाहेरून, रस्त्याखालून आलेली तार जोडलेली असते. त्या तारेवर एक्स्चेंजचा सुमारे 48 व्होल्ट डीसी सतत असतो, घंटा वाजताना त्यावर 75 व्होल्टच्या आसपासचा, 25 हर्ट्झचा एसी चढतो आणि वीज कडाडली की काय येईल ते सांगता येत नाही. संगणक बंद केल्याने यातले काहीच बंद होत नाही. म्हणून पहिला नियम क्रमाचा आहे : उघडताना टेलिफोनच्या तारा सर्वांत आधी काढायच्या, मिटताना सर्वांत शेवटी लावायच्या. मधली कामे थोडी मागेपुढे झाली तर चालते, हा क्रम मात्र मोडू नये.

वीज तोडणे आणि अर्थिंग

तारा काढल्यावर संगणक रीतसर बंद करावा आणि एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मागची पॉवर कॉर्ड प्रत्यक्ष उपसून काढावी. भिंतीवरचे बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण मधला यूपीएस बॅटरीवर चालूच राहतो. शिवाय कॉर्ड जोडलेली असेपर्यंत एसएमपीएस 5 व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो आणि तो स्लॉटमध्येही पोचतो. अशा स्लॉटमध्ये कार्ड सरकवताना त्याच्या सोनेरी पट्ट्या एकाच वेळी टेकल्या नाहीत, तर चिप जाऊ शकते. कॉर्ड काढल्यावर पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरावे, मदरबोर्डावरचा छोटा दिवा विझला की कॅपॅसिटर रिकामे झाले असे समजावे.

अंगावरच्या स्थिर विजेसाठी मनगटी पट्टा वापरावा. त्यात 1 मेगाओहमचा रेझिस्टर असतो. पट्ट्याची क्लिप कॅबिनेटच्या रंग न लावलेल्या धातूला लावावी. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत स्थिर वीज कमी साठते, म्हणून इथले बरेच तंत्रज्ञ पट्टा टाळतात. पण सर्व्हर ठेवलेल्या खोलीत एसी चोवीस तास चालतो आणि तिथली हवा कोरडी असते. साधारण तीन हजार व्होल्टच्या खालचा चटका माणसाला जाणवतसुद्धा नाही, चिप मात्र काही शे व्होल्टमध्येच दगावते.

अर्थिंगचा मुद्दा इथे लांबवून सांगायला हवा, कारण कार्यालयांतल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ तिथे निघते. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यात फेजपासून बॉडीपर्यंत एक आणि न्यूट्रलपासून बॉडीपर्यंत एक असे दोन छोटे कॅपॅसिटर असतात. अर्थची पिन नीट जोडलेली असेल, तर त्यांतून झिरपणारा करंट जमिनीत जातो. एक्स्टेन्शन बोर्डात अर्थची तारच नसेल, किंवा तीन पिनी प्लगला दोन पिनी अ‍ॅडॉप्टर लावला असेल, तर कॅबिनेट 230 च्या निम्म्यावर, म्हणजे साधारण 115 व्होल्टवर तरंगत राहते. हात लावला की झिणझिण्या येतात. करंट इतका अल्प असतो की माणसाला धोका सहसा नसतो, पण टेलिफोनची लाइन मात्र एक्स्चेंजमध्ये जमिनीशी बांधलेली असते. हा फरक कार्डाच्या विलगीकरणावर (लाइन आणि संगणक विजेने वेगळे ठेवणाऱ्या भागावर) पडतो आणि प्रत्येक कॉलमध्ये 50 हर्ट्झची घुरघुर ऐकू येते. अशा वेळी लोक कार्ड बदलतात, मॉड्यूल बदलतात आणि घुरघुर तशीच राहते.

म्हणून कार्डाचे खोके उघडण्याआधी मल्टिमीटर काढावा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही आकडे जवळपास सारखे, 230 च्या आसपास असावेत, आणि अर्थ-न्यूट्रल 2 व्होल्टच्या आत असावा. डिजिटल मीटर तुटलेल्या तारेवरही भुताटकीचा व्होल्टेज दाखवतो, तेव्हा शंका असेल तर वायरमनकडून फेज आणि अर्थ यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावून बघावा. दिवा पूर्ण प्रकाशला किंवा आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) ट्रिप झाला, तर अर्थ जिवंत आहे. दिवा मिणमिणला तर आधी अर्थिंग दुरुस्त करावे, कार्ड नंतर.

मॉड्यूल, स्लॉट, पॉवर केबल

अ‍ॅनलॉग कार्डावर दोन प्रकारची मॉड्यूल बसतात. बाहेरची लाइन घेणारे एफएक्सओ आणि आतल्या टेलिफोनला घंटा व वीज पुरवणारे एफएक्सएस. डिजियमच्या कार्डांत एफएक्सओ लाल आणि एफएक्सएस हिरवे असते. दोन्हींची सॉकेट मागून हुबेहूब आरजे-11 दिसतात, त्यामुळे गफलत हमखास होते. एक्स्चेंजची लाइन चुकून हिरव्या पोर्टात गेली, तर दोन्ही टोकांनी व्होल्टेज येते आणि पहिली घंटा वाजताच मॉड्यूल जळू शकते. कार्ड आत बसल्यावर मॉड्यूलचा रंग दिसत नाही. म्हणून बाहेर असतानाच ब्रॅकेटवर कोणते पोर्ट कशाचे आहे, ते पक्क्या मार्करने लिहावे आणि तारांनाही तशाच चिठ्ठ्या लावाव्यात.

एफएक्सएस मॉड्यूलला घंटेसाठी लागणारी वीज स्लॉटमधून मिळत नाही. कार्डाच्या वरच्या कडेला चार पिनांचे मोलेक्स सॉकेट असते, त्यात एसएमपीएसमधली जुन्या हार्डडिस्कची, पिवळी-काळी-काळी-लाल तारांची केबल लावावी लागते. ही विसरण्याची चूक इतकी सर्रास होते की जुन्या चार पोर्टांच्या कार्डाचा ड्रायव्हर केबल लावायची आठवण राहिली का, असा प्रश्नच मोठ्या अक्षरांत लॉगमध्ये छापतो. फक्त एफएक्सओ मॉड्यूल असतील तर या केबलची गरज नाही. नव्या एसएमपीएसमध्ये मोलेक्स नसेल, तर साटापासून मोलेक्स करणारा अ‍ॅडॉप्टर लावतात. त्यात ओतीव प्लॅस्टिकचा स्वस्त प्रकार टाळावा, त्यातल्या तारा आतून एकमेकींना टेकून पेट घेतात.

पीसीआय कार्डाच्या खाचा 5 व्होल्ट आणि 3.3 व्होल्ट स्लॉटसाठी वेगळ्या असतात. दोन खाचा असलेले कार्ड दोन्हींत चालते, एक खाच असलेले नाही. खाच जुळत नसेल तर जोर लावू नये. पीसीआय एक्स्प्रेसचे एक-लेनचे कार्ड लांब स्लॉटमध्येही चालते. जुने कार्ड घेतले असेल तर त्याच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न झडणाऱ्या कापडाने पुसाव्यात. खोडरबर घासण्याची पद्धत सगळीकडे आहे, पण त्याने सोन्याचा पातळ मुलामा उडतो आणि खाडीच्या खाऱ्या हवेत खालचा धातू लवकर काळा पडतो. टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात रासायनिक कारखान्यांच्या जवळ हे आणखी लवकर होते.

कार्ड कडांनी धरावे, स्लॉटवर सरळ उभे ठेवावे आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. सोनेरी पट्टीची कड सगळीकडे सारखी उंच दिसली पाहिजे. मग ब्रॅकेटचा स्क्रू लावावा. तो लावताना कार्डाचे दुसरे टोक वर उचलले जाते का, हे बघावे. स्वस्त कॅबिनेटचा पत्रा वाकडा असतो आणि स्क्रू आवळताच कार्ड अर्धवट निघते. मग संगणक सुरू होतो, पण कार्ड कधी दिसते, कधी नाही.

पहिली सुरुवात

झाकण लावून पॉवर कॉर्ड जोडावी, टेलिफोनच्या तारा अजून बाहेरच ठेवाव्यात. लिनक्समध्ये एलएसपीसीआय या आज्ञेने कार्ड दिसते का, ते बघावे. इथे न दिसणारे कार्ड ड्रायव्हर बदलून दिसणार नाही, दोष स्लॉटमध्ये, बसवण्यात किंवा मदरबोर्डाच्या जुनेपणात असतो. दिसले तर डाहडी सुरू करावे. भारतातल्या लाइनसाठी ड्रायव्हरचा ऑपरमोड (लाइनचे विजेचे मापदंड) ‘इंडिया’ आणि टोन-झोन (त्या देशाचे टोन) ‘इन’ ठेवावा. सिग्नलिंग उलटे लिहायचे असते, एफएक्सओ पोर्टाला एफएक्सएस सिग्नलिंग आणि एफएक्सएस पोर्टाला एफएक्सओ. नवखे लोक इथे अडकतात.

आता लाइन लावावी. क्रोन मॉड्यूलवर (बाहेरच्या तारा जोडण्याच्या पट्टीवर) जोडी मोजली की 48 व्होल्टच्या आसपास दिसते. त्या मॉड्यूलवर तीन टोकांची जीडीटी (जादा व्होल्टेज जमिनीत सोडणारी वायुनळी) लावलेली असावी आणि तिचे मधले टोक खरोखर अर्थला गेलेले असावे. जीडीटी आहे पण फ्रेमची अर्थ तार कुठेच जोडलेली नाही, असे जुन्या इमारतींच्या जिन्याखाली नेहमी दिसते.

कॉल संपला तरी लाइन अडकून राहत असेल, तर एक्स्चेंज पोलॅरिटी (तारांची धन-ऋण बाजू) उलटवून निरोप देत नाही, असे धरावे. मग बिझी टोन ओळखण्याची सोय चालू करावी लागते. आपल्याकडचा बिझी टोन 400 हर्ट्झचा, 750 मिलिसेकंद चालू आणि तितकाच बंद असा असतो, तो आकडा हाताने द्यावा. कॉलर आयडी आपल्याकडे डीटीएमएफ सुरांत (टेलिफोनची बटणे दाबल्यावर ऐकू येणाऱ्या) येतो, कार्ड मुळात अमेरिकी पद्धतीची वाट बघत बसते. ती सेटिंगही बदलावी.

आवाजात कर्रकर्र किंवा टकटक येत असेल, तर इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारे संकेत) तपासावेत. कार्ड दर सेकंदाला 1000 इंटरप्ट देते आणि त्यातला एखादा हुकला की आवाजाचा तुकडा गळतो. यूएसबी किंवा डिस्क कंट्रोलर तोच इंटरप्ट वापरत असेल, तर कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवावे आणि नको असलेली उपकरणे बायोसमधून बंद करावीत. डाहडी-टेस्ट या चाचणीचा आकडा 99.98 टक्क्यांखाली जाता कामा नये.

पीआरआयच्या कार्डाची गोष्ट थोडी वेगळी. तिथे 2.048 मेगाबिटची ई-1 लाइन येते, तिच्यात 30 आवाजाचे चॅनल आणि एक सिग्नलिंगचा. जुन्या कार्डांवर टी-1 (अमेरिकी पद्धत) की ई-1 हे जंपरने ठरते, आणि तो कार्ड आत जाण्याआधी ई-1 वर करावा. तार आरजे-45 च्या 1, 2, 4, 5 या पिनांवर येते, लॅनची नेहमीची जोडणी इथे चालत नाही. पुरवठादाराने 75 ओहमची बीएनसी (कोअ‍ॅक्सियल) जोडणी दिली तर 120 ओहमसाठी मधे बालून (दोन प्रकारच्या तारा जुळवणारा अ‍ॅडॉप्टर) लागतो. टायमिंग पुरवठादाराकडून घ्यावे, नाहीतर दिवा हिरवा राहूनही मधूनमधून कॉल तुटतात.

पावसाळा

मे अखेरचे वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस हे गडगडाटाचे दिवस, आणि सर्वाधिक कार्डे याच काळात जळतात. यूपीएस विजेची बाजू सांभाळतो, टेलिफोनच्या तारेशी त्याचा संबंध नसतो. शनिवार-रविवार कार्यालय बंद राहणार असेल आणि आभाळ भरून आले असेल, तर शुक्रवारी निघताना लाइनचे प्लग काढून ठेवणे हाच खात्रीचा उपाय आहे. काढलेले कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीच्या आत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे. ते पिशवीवर ठेवून काम करू नये, कारण पिशवीची बाहेरची बाजू वीज वाहणारी असू शकते आणि कार्डावर उरलेला चार्ज त्यातून शॉर्ट होतो.