आयपॉड टच

आयपॉड टच हा अ‍ॅपल या अमेरिकी कंपनीचा खिशात मावणारा, टचस्क्रीनवर चालणारा म्युझिक व व्हिडिओ प्लेअर. ५ सप्टेंबर २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्स यांनी तो जाहीर केला आणि १० मे २०२२ रोजी त्याचे उत्पादन थांबवत असल्याचे कंपनीने कळवले. मधल्या काळात त्याच्या सात पिढ्या आल्या. पहिल्या पिढीचा पडदा ३.५ इंचांचा, ४८० × ३२० पिक्सेलचा होता. जाडी ८ मिलिमीटर, वजन १२० ग्रॅम. साठवणक्षमता ८ किंवा १६ जीबी आणि किंमत अनुक्रमे २९९ व ३९९ डॉलर. त्याच वर्षी जूनमध्ये बाजारात आलेल्या आयफोनमधून फोन, कॅमेरा, मायक्रोफोन व स्पीकर वगळावा, असे त्याचे ढोबळ स्वरूप होते. वाय-फाय, सफारी ब्राउझर आणि यूट्यूब मात्र त्यात होते.

या प्लेअरचे वेगळेपण समजण्यासाठी आधीचा आयपॉड लक्षात घ्यावा लागतो. २००१ च्या पहिल्या आयपॉडवर फिरणारे चाक होते. २००४ पासून त्याची जागा स्पर्श ओळखणाऱ्या आणि चारही बाजूंनी दाबता येणाऱ्या क्लिक व्हीलने घेतली. हे चाक अंगठ्याला न पाहता सापडत असे. प्लेअर खिशात असतानाच गाणे पुढे ढकलणे किंवा थांबवणे जमायचे. आयपॉड टचमध्ये चाक गेले आणि त्याच्या जागी सपाट काच आली. काचेवर बोटाला खूण सापडत नाही. बटन कुठे आहे हे डोळ्यांनीच पाहावे लागते. पडदा मोठा झाला, चित्रपट आडवा धरून नीट पाहता येऊ लागला, पण संगीत ऐकण्याची सर्वांत साधी क्रिया अवघड झाली. पुढच्या पंधरा वर्षांतले या यंत्राच्या रचनेतले काही बदल ही अडचण सोडवण्याच्या प्रयत्नांतून आले, असे मानायला आधार आहे.

त्या काळी हातात मावणाऱ्या अनेक उपकरणांचे टचस्क्रीन दाबावर चालत. दोन पातळ थर एकमेकांना टेकले की दाब कुठे पडला ते कळे. त्यामुळे नख किंवा लहानशी काडीही चाले, पण एका वेळी एकच बिंदू नीट ओळखला जाई. आयपॉड टचचा पडदा विद्युतधारितेवर, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर, चालतो. काचेखाली पारदर्शक विद्युतवाहकांची बारीक जाळी असते. बोट जवळ आले की त्या ठिकाणची धारिता बदलते आणि नियंत्रक चिप हा बदल मोजते. त्यासाठी दाब द्यावा लागत नाही, एकाच वेळी अनेक बोटे ओळखता येतात आणि दोन बोटांनी चित्र मोठे-लहान करता येते. साध्या हातमोज्यातून मात्र हा पडदा दाद देत नाही.

हजारो गाण्यांची यादी काचेवर कशी चाळायची, या प्रश्नाचे उत्तर या यंत्रात फार विचारपूर्वक दिलेले आहे. बोटाने यादीला झटका दिला की ती वेगाने सरकत जाते आणि हळूहळू मंदावते. उजव्या कडेला ए ते झेड अक्षरांची उभी पट्टी असते. यादी संपल्यावर काहीच हलले नाही तर यंत्र अडकले की काय असे वाटते. म्हणून अ‍ॅपलचे रचनाकार बास ऑर्डिंग यांनी टोकाला आलेली यादी किंचित ताणली जाऊन परत जागेवर येईल अशी योजना केली. हाच परिणाम पुढे अ‍ॅपल आणि सॅमसंग यांच्यातल्या पेटंटच्या खटल्यात वादाचा एक मुद्दा झाला. यंत्र आडवे केले की त्यातला ॲक्सेलरोमीटर (हालचाल व कल मोजणारा सेन्सर) ते ओळखे आणि अल्बमची मुखपृष्ठे ओळीने समोर येत. त्यांतून बोट फिरवत हवा तो अल्बम काढता येई.

या मांडणीत पाश्चात्त्य पॉप संगीताची सवय दिसते. गायक, अल्बम, गाणे हे तीन रस्ते समोर असत. संगीतकारांची यादी ‘आणखी’च्या मागे दडलेली असे आणि गीतकारानुसार चाळण्याची सोय नव्हती. भावगीत आणि नाट्यसंगीत ऐकणाऱ्याला चाल कोणाची व शब्द कोणाचे हे गायकाइतकेच महत्त्वाचे असते, त्यामुळे ही उणीव त्याला जाणवणारच. शास्त्रीय संगीतासाठी मात्र एक सुधारणा मोलाची ठरली. चाळीस मिनिटांच्या ख्यालात एखादी तान पुन्हा ऐकायची तर इंचा-दोन इंचांच्या पट्टीवर नेमकी जागा सापडणे कठीण. २००९ च्या आयफोन ओएस ३ मध्ये (यंत्र चालवणारी प्रणाली; पुढे तिचेच नाव आयओएस झाले) पट्टी पकडून बोट खाली ओढत नेले की सरकण्याचा वेग टप्प्याटप्प्याने कमी होऊ लागला. संगीत शिकणाऱ्यांसाठी या यंत्रातली याहून उपयोगी सोय क्वचितच असेल.

बटनांचे परत येणे हा या कथेचा महत्त्वाचा भाग आहे. पहिल्या पिढीत आवाज कमी-जास्त करायचे बटनसुद्धा नव्हते. होम बटन दोनदा दाबून पडद्यावर नियंत्रणे आणायची आणि तिथली पट्टी सरकवायची, एवढाच मार्ग होता. सप्टेंबर २००८ च्या दुसऱ्या पिढीत डाव्या कडेला आवाजाची बटने आली, लहानसा स्पीकर आला आणि वायरवरच्या रिमोटचे हेडफोन चालू लागले. गाणे थांबवण्यासाठी यंत्र खिशातून काढण्याची गरज त्यामुळे संपली. २००९ मध्ये तिसऱ्या पिढीच्या ३२ व ६४ जीबी नमुन्यांत व्हॉइसओव्हर आले. बोट जिथे टेकेल तिथले नाव यंत्र वाचून दाखवते आणि दोनदा टिचकी मारली की ते निवडले जाते. सपाट काचेमुळे अंध व्यक्तींवर दार बंद होईल अशी भीती होती. योग्य सॉफ्टवेअर असेल तर तीच काच त्यांनाही वापरता येते, हे यातून सिद्ध झाले.

बाह्यरचनेत सगळा भर पातळपणावर राहिला. पहिल्या चार पिढ्यांची पाठ चकचकीत स्टेनलेस स्टीलची होती. ती देखणी, पण लगेच ओरखडे पडणारी. धातूतून रेडिओलहरी जात नाहीत, म्हणून पहिल्या पिढीत मागच्या एका कोपऱ्यात वाय-फाय अँटेनासाठी काळ्या प्लास्टिकचा तुकडा बसवला होता. चौथी पिढी (२०१०) ७.२ मिलिमीटरवर आली. तिच्यात ९६० × ६४० पिक्सेलचा रेटिना (अतिशय बारीक पिक्सेलचा) पडदा आणि दोन कॅमेरे होते, पण मागचा कॅमेरा जेमतेम ०.७ मेगापिक्सेलचा होता आणि पडदा आयफोन ४ सारखा आयपीएस प्रकारचा नसल्याने तिरके पाहिले की रंग फिके पडत. २०१२ ची पाचवी पिढी ६.१ मिलिमीटर जाड व ८८ ग्रॅम वजनाची होती. ॲल्युमिनियमची रंगीत पाठ, ४ इंचांचा आयपीएस पडदा, ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि मनगटात अडकवायची दोरी. सर्व पिढ्यांत हीच सर्वांत नीट घडलेली म्हणावी लागेल. तरी तिच्यातून सभोवतालचा उजेड मोजणारा सेन्सर वगळला गेला, म्हणजे पडद्याची प्रखरता आपोआप बदलेना. पुढे २०१५ व २०१९ मध्ये चिप बदलली, क्षमता २५६ जीबीपर्यंत गेली, घडण मात्र तीच राहिली.

गाणी फ्लॅश मेमरीत साठवली जात. त्यात फिरणारा भाग नसल्याने धावताना किंवा खड्ड्यांच्या रस्त्यावर काही बिघडत नसे. पण पहिल्या आयपॉड टचबरोबर त्याच दिवशी जाहीर झालेल्या हार्ड डिस्कच्या आयपॉड क्लासिकमध्ये १६० जीबीपर्यंत जागा होती. कंपनीच्या दाव्यानुसार पहिल्या पिढीची बॅटरी २२ तास संगीत किंवा ५ तास व्हिडिओ चाले. ती वापरणाऱ्याला स्वतः बदलता येईल अशी नव्हती.

जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर सुरू झाले आणि यंत्राचा उपयोगच बदलला. खेळ, शब्दकोश, तानपुरा, सूर जुळवण्याचे ट्यूनर अशी ॲप्स घेता येऊ लागली. सिम कार्ड नसल्याने मुलांच्या हाती द्यायलाही ते सोयीचे ठरले. सुरुवातीला मात्र आयफोनधारकांना फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मोठ्या अद्ययावत आवृत्त्या आयपॉड टचवाल्यांना विकत घ्याव्या लागत. जानेवारी २००८ मध्ये मेल व नकाशांसह पाच ॲप्ससाठी १९.९९ डॉलर आकारले गेले. हिशेबाच्या नियमांचे कारण कंपनीने पुढे केले, तरी ग्राहकांवर हा अन्यायच होता. २०१० च्या आयओएस ४ पासून तो थांबला.

भारतात आयट्यून्स स्टोअर, म्हणजे अ‍ॅपलचे गाणी विकणारे ऑनलाइन दुकान, डिसेंबर २०१२ मध्ये उघडले. तोवर इथल्या वापरकर्त्याला यंत्रातूनच गाणी विकत घेण्याची मुख्य सोय उपलब्ध नव्हती. सीडीवरची गाणी संगणकात उतरवून केबलने भरावी लागत. मराठी कीबोर्ड २०१४ च्या आयओएस ८ बरोबर आला, त्यामुळे पाचव्या आणि पुढच्या पिढ्यांवरच मराठीतून सहज लिहिता आले.

प्रतिस्पर्ध्यांपैकी मायक्रोसॉफ्टचा झून एचडी (२००९) ओएलईडी (प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणाऱ्या) पडद्यामुळे उठून दिसला, पण अमेरिकेबाहेर फारसा पोहोचला नाही. सोनीने मात्र वॉकमन या नावाखाली टचस्क्रीन प्लेअर बनवणे चालू ठेवले आहे. २०२३ च्या तिच्या एनडब्ल्यू-ए३०६ मध्ये अँड्रॉइड आणि ३.६ इंचांचा टचस्क्रीन आहे. आवाज, पुढचे-मागचे गाणे आणि थांबवणे यांसाठी मात्र उजव्या कडेवर स्वतंत्र बटने दिलेली आहेत.